श्री ठाणेदार यांना खुलं पत्र : ‘जन्मजात’ कोण, हे ठरवायचं कोणी?

नोव्हाय, मिशिगन
20 डिसेंबर 2025

प्रति,
मा. श्री ठाणेदार,
सदस्य, अमेरिकी प्रतिनिधीगृह,
मतदारसंघ 13, मिशिगन

सा. न. वि. वि.

पहिली अडचण मायन्यातच आली. रीतीप्रमाणे नावाआधी ‘श्री’ लावायचा, तर तुमचं नावच श्री. ‘श्री श्री’ लिहिलं तर पत्र एखाद्या मठाच्या पत्त्यावर जायचं. म्हणून एकाच श्रीवर भागवलं आहे, राग मानू नये.

दुसरं म्हणजे मी तुमचा मतदार नाही. तुमचा मतदारसंघ डेट्रॉइटचा. मी त्याच्या बाहेर नोव्हायमध्ये राहतो, गाड्यांच्या ब्रेकचं काम करतो, मूळचा मिरजेचा. तुम्ही बेळगावचे, म्हणजे शेजारचेच. तेवढ्या ओळखीवर लिहितो आहे. आणखी एक कारण आहे: अमेरिकी काँग्रेसमध्ये मराठी पत्र दुसऱ्याकडून वाचून न घेता वाचू शकेल असा माझ्या माहितीतला माणूस एकच आहे.

आता कारण सांगतो. गणपतीत आमच्याकडे शाळेचा हॉल भाड्याने घेऊन कार्यक्रम होतो. यंदा लहान मुलांची ‘मी मोठेपणी कोण होणार’ अशी स्पर्धा होती. पाचवीतला एक मुलगा कोट घालून आला आणि म्हणाला, मी राष्ट्राध्यक्ष होणार. टाळ्या पडल्या. नंतर कागदी ताटल्या घेऊन सगळे रांगेत उभे असताना, मसालेभाताच्या ट्रेपाशी एक काका त्याच्या वडिलांना म्हणाले, ‘तो झाला तेव्हा तुम्ही एच-वनवर होतात ना? मग नाही जमायचं. आईबाप दोघंही सिटिझन लागतात.’ दुसरा म्हणाला, ‘छे हो, इथे जन्मला की झालं.’ तिसऱ्याने फोन काढून एक लांबलचक मेसेज वाचून दाखवला. मठ्ठा संपला तरी वाद चालूच होता.

माझी मुलगी शेजारीच उभी होती. ती 2009 सालची. तेव्हा मी एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, आणि बायको एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या. ग्रीन कार्ड हातात पडायला पुढे नऊ वर्षं लागली. काकांच्या हिशेबाने तीही बाद. तिला राष्ट्राध्यक्ष वगैरे व्हायचं नाही, पण अर्धवट उत्तर तिला सहन होत नाही. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, ‘बाबा, हे ठरवतं कोण?’ मी म्हटलं, कोर्ट. ‘कुठल्या केसमध्ये ठरवलं?’ मला सांगता येईना. घरी येऊन शोधायला बसलो, तो नाद तीन महिने सुटला नाही. आणि जे उत्तर मिळालं ते असं, की ठरवणारं कोणी नाहीच. हे पत्र त्या रिकाम्या खुर्चीबद्दल आहे.

घटनेच्या दुसऱ्या कलमातलं वाक्य छोटं आहे. राष्ट्राध्यक्ष होणाऱ्याचं वय 35 पूर्ण हवं, देशात 14 वर्षांचं वास्तव्य हवं, आणि तो ‘नॅचरल बॉर्न सिटिझन’ हवा. वय मोजता येतं, वास्तव्यही मोजता येतं. तिसऱ्या अटीची व्याख्या घटनेत कुठेच नाही. आपण मराठीत ‘जन्मजात नागरिक’ म्हणू. पण जन्मजात कशाने, मातीने की आईबापांनी? 25 जुलै 1787 रोजी मुत्सद्दी जॉन जे यांनी वॉशिंग्टन यांना पत्र लिहून सुचवलं, की सेनापतिपद जन्मजात नागरिकाखेरीज कोणाकडे जाऊ नये. ‘बॉर्न’ या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली होती. घटना लिहायला फिलाडेल्फियात भरलेल्या अधिवेशनात या शब्दांवर चर्चा झाल्याची नोंद नाही. आणि त्याच वाक्यात मंडळींनी स्वतःची सोय करून ठेवली: घटना स्वीकारली त्या वेळी जे नागरिक होते तेही चालतील. नाहीतर खुद्द वॉशिंग्टनही बाद झाले असते, कारण त्यांच्यासकट सगळे ब्रिटिश राजाचे प्रजाजन म्हणूनच जन्मले होते.

तीनच वर्षांनी, 1790 मध्ये, काँग्रेसने कायदा केला की अमेरिकी नागरिकांची परदेशात झालेली मुलं ‘नॅचरल बॉर्न’ समजावीत. 1795 मध्ये तो कायदा बदलला आणि हे दोन शब्द गळाले. राहिलं नुसतं ‘नागरिक’. त्याच 1790 च्या कायद्याने शपथ घेऊन नागरिक होण्याचा हक्क फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसांना दिला होता. आपल्या लोकांना तो मिळायला 1946 उजाडलं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. ‘घटनाकारांना काय अभिप्रेत होतं’ असं आमच्या ग्रुपवर कोणी छातीठोकपणे सांगू लागला, की मला हे आठवतं एवढंच. त्यांना आपण अभिप्रेत नव्हतो, ना नागरिक म्हणून, ना मसालेभाताच्या रांगेत.

तर तो मेसेज. त्यात एमर द व्हातेल या स्विस विद्वानाच्या 1758 सालच्या ग्रंथाचा हवाला आहे. नागरिक आईबापांपोटी देशात जन्मलेले तेच ‘नॅचरल बॉर्न सिटिझन’, असं त्याने लिहिलं आणि घटनाकारांनी ते तिथूनच उचललं, असा दावा. ऐकायला भारदस्त वाटतं. पण व्हातेलचा ग्रंथ फ्रेंचमध्ये आहे, आणि त्या जागी ‘नॅचरल बॉर्न सिटिझन्स’ हे शब्द इंग्रजी भाषांतरात पहिल्यांदा आले ते 1797 च्या आवृत्तीत. घटना लिहून झाली त्याला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. उलट इंग्लंडच्या कायद्यात ‘नॅचरल बॉर्न सब्जेक्ट’ हा शब्द जुना आणि सर्वांच्या परिचयाचा होता. राजाच्या मुलखात जन्मला तो राजाचा, मग बाप कुठलाही असो. घटना लिहिणाऱ्यांतले वकील याच कायद्यावर पोसलेले होते.

न्यायालयात या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ गेलेला माणूस राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार नव्हता. तो सॅन फ्रान्सिस्कोतला एक आचारी होता. वाँग किम आर्क 1873 च्या सुमारास तिथेच जन्मला; आईवडील चिनी, आणि त्यांना नागरिक होण्याची कायद्याने बंदी. 1895 मध्ये तो चीनहून परत आला तेव्हा बंदरावरच त्याला अडवलं, तू नागरिक नाहीस म्हणून. 1898 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की इथे जन्मला, चौदाव्या घटनादुरुस्तीने तो नागरिक आहे. निकालात राष्ट्राध्यक्षपदाचा प्रश्नच नव्हता. पण विरोधी मत देणारे सरन्यायाधीश फुलर यांनी तो काढला. त्यांचा आक्षेप असा, की असं मानलं तर परक्यांची इथे जन्मलेली मुलं, मग ती ‘मंगोल, मलय किंवा अन्य वंशाची’ का असेनात, राष्ट्राध्यक्षपदाला पात्र ठरतील, आणि आपल्या नागरिकांची परदेशात झालेली मुलं अपात्र. ती त्यांची भीती होती. माझ्या दृष्टीने ती कबुली आहे. बहुमताच्या निकालातून काय निष्पन्न होतं, हे विरोधकालाच सगळ्यांत आधी कळलं होतं.

त्यानंतर सव्वाशे वर्षं झाली. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न थेट हाती घेतलेला नाही. 2010 मध्ये एका संसदीय समितीपुढे न्यायमूर्ती थॉमस आले होते. पोर्टो रिकोत (अमेरिकेचा प्रदेश, पण राज्य नव्हे) जन्मलेले सदस्य होजे सेरानो यांनी चेष्टेत विचारलं, की पोर्टो रिकोचा माणूस राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो का याच्या उत्तराची मी अजून वाट पाहतोय. थॉमस म्हणाले, तो प्रश्न आम्ही टाळतो आहोत. सगळे हसले. मलाही वाचताना हसू आलं, मग आलं नाही.

साहेब, आता थोडा इतिहास तुमच्या-माझ्या राज्यातला. जॉर्ज रॉम्नी मिशिगनचे गव्हर्नर होते. 1968 साठी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीला उभे राहिले. जन्म 1907 चा, मेक्सिकोतल्या एका मॉर्मन वसाहतीत, आईबाप अमेरिकी. पात्र की अपात्र, यावर वर्तमानपत्रं भरली. रॉम्नींनी माघार घेतली ती वेगळ्याच कारणांनी, आणि प्रश्न तसाच घडी घालून ठेवला गेला. त्याआधी 1964 मध्ये रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांच्याबद्दल तो निघाला होता, कारण ते जन्मले तेव्हा अ‍ॅरिझोना हे राज्यच नव्हतं. त्याही आधी चेस्टर आर्थर. त्यांच्याविरुद्ध आर्थर हिनमन नावाच्या वकिलाने आघाडी उघडली: आधी म्हणाला हे आयर्लंडमध्ये जन्मले, ते टिकेना तेव्हा म्हणाला कॅनडात. 1884 मध्ये त्याने चोपडंही छापलं. आर्थर जन्मले होते व्हरमाँटमध्ये, 1829 ला. वय मात्र ते एक वर्ष कमी सांगत. म्हणजे जन्माबद्दल ते खोटं बोलत होते हे खरंच, फक्त ते जागेबद्दल नव्हतं. गंमत अशी, की आर्थर यांचे आयरिश वडील नागरिक झाले 1843 मध्ये, म्हणजे मुलगा चौदाएक वर्षांचा झाल्यावर. हिनमन जन्मगाव शोधत राहिला. काकांचा ‘आईबाप दोघंही सिटिझन’ हा नियम खरा असता, तर त्याला कॅनडात जायची गरजच नव्हती. आणि आर्थर राष्ट्राध्यक्ष झाले ते झालेच.

ही सगळी गोरी माणसं. तेव्हा हा प्रश्न फक्त सावळ्या लोकांना विचारतात असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही. पण विचारायची पद्धत पाहा. 2008 चे रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन 1936 मध्ये, तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या पनामा कालव्याच्या प्रदेशात जन्मले, वडील नौदलात. त्या प्रदेशात जन्मलेल्यांना नागरिक ठरवणारा कायदा झाला 1937 मध्ये, म्हणजे त्यांच्या जन्मानंतर. कायद्याच्या दृष्टीने खरोखर विचार करण्यासारखा प्रश्न होता. सिनेटने काय केलं? एप्रिल 2008 मध्ये एकमताने ठराव केला की मॅकेन जन्मजात नागरिक आहेत. ठरावाच्या पुरस्कर्त्यांत त्यांचे प्रतिस्पर्धी ओबामा आणि हिलरी क्लिंटन दोघंही होते. ठरावाला कायद्याचं बळ शून्य, पण घरच्या माणसाला सांभाळून घ्यावं तसं सगळ्यांनी घेतलं.

त्याच वर्षी ओबामांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ते अमेरिकेत जन्मलेच नाहीत, अशी आवई उठवली गेली. जन्म होनोलुलूचा, 4 ऑगस्ट 1961. हवाई राज्याचा दाखला जून 2008 मध्ये प्रसिद्ध केला. ऑगस्ट 1961 च्या होनोलुलूच्या दोन्ही वर्तमानपत्रांत जन्माची नोंद छापलेली सापडली. एवढ्याने भागलं नाही. 27 एप्रिल 2011 रोजी, राष्ट्राध्यक्ष असताना, त्यांना मूळ नोंदीची प्रत मागवून पत्रकारांपुढे ठेवावी लागली. ज्यांनी हा धुरळा सर्वांत जास्त उडवला त्या ट्रम्प यांनी 16 सप्टेंबर 2016 ला एका वाक्यात म्हटलं की ओबामा अमेरिकेत जन्मले. ना माफी, ना खुलासा. मॅकेनना ठराव, ओबामांना दाखला, तोही दोनदा.

पुढे तर दाखल्याचीही गरज उरली नाही. कमला हॅरिस ओकलंडमध्ये 1964 साली जन्मल्या, यावर कोणाचं दुमत नव्हतं. आई भारतातून आलेली, वडील जमैकातून, दोघंही बर्कलीत शिकायला आलेले. ऑगस्ट 2020 मध्ये जॉन ईस्टमन या प्राध्यापकाने एका मोठ्या साप्ताहिकात लिहिलं, की आईबाप तेव्हा तात्पुरत्या वास्तव्यावर असतील तर त्या नागरिक तरी आहेत का? साप्ताहिकाने नंतर माफी मागितली. जानेवारी 2024 मध्ये रिपब्लिकन उमेदवारीला उभ्या असलेल्या निक्की हेलींबद्दल तीच कुजबूज फिरवली गेली. साउथ कॅरोलायनातल्या बॅमबर्ग गावात जन्मलेली मुलगी, आईबाप तेव्हा नागरिक नव्हते, बस्स. म्हणजे मॅकेन आणि 2016 मध्ये उमेदवारीला उभे राहिलेले सिनेटर टेड क्रूझ (जन्म कॅल्गरी, कॅनडा) यांच्याबद्दल प्रश्न असा होता, की देशाबाहेर जन्मलेला चालेल का. आपल्याबद्दलचा प्रश्न असा आहे, की देशात जन्मलेलाही चालेल का. या दोन प्रश्नांना एकाच वजनात मोजू नये.

आमच्या रांगेतल्या काकांचा राग मला याचसाठी येतो. ते काही वाईट माणूस नाहीत. आमच्या घरी पहिल्या हिवाळ्यात रजई त्यांनीच आणून दिली होती. पण त्यांचा तो नियम आणि 20 जानेवारी 2025 चा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा आदेश, यांचा पाया एकच आहे. त्या आदेशानुसार, आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर तीस दिवसांनंतर इथे जन्मणारं मूल नागरिकच नाही. तात्पुरत्या व्हिसावर म्हणजे एफ-वन (विद्यार्थ्यांचा), एच-वन, एच-फोर. म्हणजे आपणच. आधी जन्मलेल्यांना तो लागू नाही, हे ग्रुपवर घाबरलेल्या आयांना मी वीस वेळा सांगितलं आहे. न्यायालयांनी तो आदेश रोखून धरला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2025 मध्ये हे प्रकरण सुनावणीला घेतलं. ‘भारतानेही 1987 मध्ये नुसत्या जन्मावर नागरिकत्व देणं बंद केलंच की’ असं कोणी म्हणतं. केलं. पण संसदेत कायदा करून केलं, आणि भारताच्या घटनेत चौदावी दुरुस्ती नव्हती. इथे एका सहीने व्हायचं होतं.

त्या प्रकरणाचा निकाल काय लागायचा तो लागो. त्यातून माझ्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. नागरिक कोण, ते कळेल. ‘जन्मजात’ कोण आणि ते कोणी ठरवायचं, हे तिथे कोणी विचारलेलंच नाही.

आता ‘कोणी’ याकडे येतो, कारण माझ्या मते सगळी मेख तिथे आहे.

2008 पासून मॅकेन आणि ओबामा दोघांवर दावे झाले. बहुतेक एकाच दारात अडकले: सामान्य मतदाराला स्वतःचं असं वेगळं नुकसान दाखवता येत नाही, म्हणून त्याला दावा करण्याचा अधिकारच नाही. बरं, निवडणुकीआधी गेलं तर घाई झाली, आणि निवडून आल्यावर गेलं तर न्यायालयाने जनतेचा कौल कसा उलटवायचा? माझ्या धंद्यात याला काय म्हणतात सांगतो. ब्रेक रस्त्यावर आणण्याआधी बाकावर तपासतात. गाडी ताशी सत्तर मैलांवर गेल्यावर ब्रेक लागतो का बघू, असं कोणी म्हणत नाही. या देशात राष्ट्राध्यक्षपदाच्या पात्रतेची तपासणी ताशी सत्तर मैलांवरच करता येते, किंवा मुळीच नाही.

राज्यांनी आपापल्या परीने खटपट केली. इंडियानाच्या अपील न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं, इथे जन्मला तो जन्मजात, आईबाप कोणीही असोत. मला तो निकाल पटतो, पण तो इंडियानाचा. क्रूझ यांच्याबद्दल 2016 मध्ये पेनसिल्वेनियाच्या न्यायालयाने ते पात्र आहेत असं म्हटलं, तेही पेनसिल्वेनियापुरतं. अ‍ॅरिझोनाच्या विधिमंडळाने 2011 मध्ये विधेयकच केलं: उमेदवाराने जन्माचा पुरावा द्यावा, आणि दाखला नसेल तर बाप्तिस्म्याचा किंवा सुंतेचा दाखलाही चालेल! गव्हर्नर जॅन ब्रूअर रिपब्लिकन, पण त्यांनाही हे गिळता आलं नाही. त्यांनी ते परत पाठवलं. (आपल्याकडून बारशाचं आमंत्रण चाललं असतं का, हा प्रश्न बायकोचा.)

कोलोरॅडोची तऱ्हा आणखी निराळी. गयानात जन्मून पुढे अमेरिकी नागरिक झालेल्या एका वकिलाला त्या राज्याने राष्ट्राध्यक्षपदाच्या मतपत्रिकेवर घ्यायला नकार दिला. 2012 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने राज्याचं बरोबर ठरवलं. निकाल लिहिणारे होते नील गोर्सच, जे आज सर्वोच्च न्यायालयात आहेत. घटनेनुसार अपात्र माणसाला राज्य बाहेर ठेवू शकतं, असा त्याचा अर्थ. त्याच कोलोरॅडोने चौदाव्या दुरुस्तीतल्या बंडखोरीच्या कलमाखाली (बंडात सामील झालेल्याला पद नाही) ट्रम्प यांना वगळलं, तेव्हा मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की केंद्रीय पदांच्या बाबतीत ते कलम राज्यांनी लागू करायचं नाही, ते काँग्रेसचं काम. कलमं वेगळी आहेत हे मला कळतं. पण साध्या माणसाने यातून काय समजावं? एका अटीबाबत राज्य दार बंद करू शकतं, दुसऱ्या अटीबाबत नाही, आणि ज्यांचं काम आहे असं सांगतात ती काँग्रेस म्हणजे तुम्ही लोक.

म्हणून मागणी करतो. प्रक्रिया ठरवणारा कायदा आणा. उमेदवाराने निवडणूक आयोगाकडे नाव नोंदवलं की ठरावीक मुदतीत, पहिल्या प्रायमरीच्या, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीच्या, पुष्कळ आधी, त्याच्या पात्रतेला आव्हान देता यावं. आव्हान देण्याचा हक्क प्रतिस्पर्धी उमेदवाराला आणि राज्यांच्या निवडणूक अधिकाऱ्यांना. नुकसान त्यांचं खरं होतं, त्यामुळे दावा करण्याच्या अधिकाराचा घोळ बराच सुटेल. सुनावणी तीन न्यायाधीशांपुढे आणि अपील थेट सर्वोच्च न्यायालयात. हे काही आकाशातून आणायचं नाही. मतदारसंघांच्या सीमांचे घटनात्मक वाद आजही तीन न्यायाधीशांपुढेच चालतात. एकदा निकाल लागला की तो विषय बंद. मग कोणी फोन काढून मेसेज दाखवला तर दुसऱ्याला निकाल दाखवता येईल. आज दाखवायला काही नाही, म्हणून आवाज ज्याचा मोठा त्याचं खरं.

त्याच कायद्यात एक वाक्य घाला: जो जन्मापासून नागरिक आहे, तो जन्मजात. 2004 मध्ये सिनेटर डॉन निकल्स यांनी व्याख्येचं असं विधेयक मांडलं होतं, ते पुढे सरकलं नाही. साध्या कायद्याने घटनेचा अर्थ बांधता येत नाही, हे तुमचे वकील तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतील. बरोबरच आहे. पण काँग्रेसने अर्थ लिहून दिला आणि न्यायालयाला तो तपासायला सक्तीने बसवलं, तर ‘आम्ही टाळतो आहोत’ म्हणून हसता येणार नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम मागत नाही. शपथ घेऊन नागरिक झालेल्यांना राष्ट्राध्यक्ष होऊ द्यावं, हे माझं स्वतःचं मत आहे. सिनेटर ऑरिन हॅच यांनी 2003 मध्ये तशी घटनादुरुस्ती मांडली होती, वीस वर्षं नागरिक असण्याच्या अटीवर. लोकांनी ती ऑस्ट्रियात जन्मलेल्या श्वार्झनेगर यांच्यासाठी आहे म्हणून चेष्टेवारी नेली. त्या वेळी आपल्या मिशिगनच्या गव्हर्नर होत्या जेनिफर ग्रॅनहोम, जन्म व्हँकुव्हरचा. त्यांनाही ते दार बंदच. पण त्याला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि मग 38 राज्यं लागतात, आणि आजच्या हवेत ते शक्य नाही. शिवाय ते तुम्ही मागू नये. तुम्ही 1979 मध्ये अ‍ॅक्रनला शिकायला आलात, 1988 मध्ये नागरिक झालात, 2018 मध्ये गव्हर्नरपदासाठी उभे राहिलात, आज काँग्रेसमध्ये आहात. उद्या सभागृहाचे अध्यक्ष झालात तरी राष्ट्राध्यक्षपदाच्या वारसाक्रमात तुमचं नाव ओलांडून पुढे जातील, जसं परदेशात जन्मलेले परराष्ट्रमंत्री किसिंजर आणि ऑलब्राइट यांचं ओलांडलं जायचं. तुम्ही ते दार उघडा म्हणालात तर लोक म्हणतील, स्वतःसाठी मागतोय. पण जन्मजात कोण, हे ठरवायची जागा तयार करा असं तुम्ही म्हणालात, तर त्यात तुमचा एक पैशाचा फायदा नाही. निकाल काहीही लागला तरी तुम्ही बाहेरच. हॅरिस, हेली किंवा 2024 मध्ये उमेदवारीला उभे राहिलेले विवेक रामास्वामी यांच्यापैकी कोणी हे म्हणालं असतं, तर ते स्वतःचा बचाव वाटलं असतं. म्हणून पत्र तुम्हाला आहे, केवळ मराठी म्हणून नव्हे.

आपल्याकडचंही एक सांगायला हवं, नाहीतर कोणी तरी मला आठवण करून देईलच. मे 1999 मध्ये, परदेशात जन्मलेली व्यक्ती भारताची पंतप्रधान होऊ नये असं म्हटल्यावरून शरद पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांना काँग्रेस पक्षातून काढण्यात आलं. भारतीय घटनेत तशी अट नव्हती, आजही नाही. आमच्या मिरजेत तेव्हा चहाच्या टपरीवर यावरून मित्रांमित्रांत बोलणं बंद झालं होतं. मी तेव्हा कोणत्या बाजूला होतो ते इथे लिहीत नाही. ऑक्टोबरात दोन्ही काँग्रेस मुंबईत एकत्र सत्तेवर बसल्या. वाद राजकारणाचा होता आणि राजकारणानेच तो मिटवला. इथे तो घटनेत लिहिलेला आहे, त्यामुळे तडजोडीने मिटत नाही. प्रत्येक निवडणुकीला नवं नाव घेऊन परत येतो. पुढचं नाव कोणाचं असेल हे सांगायला ज्योतिषी नको. ट्रॉय, कँटन, नोव्हायच्या शाळांच्या याद्या वाचल्या तरी पुरे.

उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल. तुमच्या कार्यालयातल्या मुलांना हे पत्र समजावून सांगावं लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. फार तर पहिला परिच्छेद गाळा.

आपला,
नोव्हायचा एक मिरजकर

ता. क. मुलीने पत्र वाचलं. तिचं मराठी वाचन हळू आहे, दोन संध्याकाळ लागल्या. तिची एकच दुरुस्ती: ‘मला राष्ट्राध्यक्ष व्हायचं नाही’ हे वाक्य तिच्या नावावर कायमचं लिहू नये. कारण तेही अजून ठरलेलं नाही.

ता. क. 2. पत्रासोबत तिच्या जन्मदाखल्याची प्रत जोडलेली नाही.